बहात्तर टक्के समाधानी

2019 च्या मे महिन्यात, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या अकरा कंपन्यांचे अकरा वॉचमन मला चेहऱ्यानं ओळखायला लागले होते. गेटच्या आतलं मात्र कोणीही ओळखत नव्हतं. मी एमबीएचा विद्यार्थी होतो. पहिलं वर्ष संपलं की दोन महिने एखाद्या कंपनीत बसून प्रकल्प करायचा, असा नियम होता. माझा विषय सप्लाय चेन मॅनेजमेंट. निवडला म्हणण्यापेक्षा वाट्याला आला म्हणावं. मार्केटिंग बोलक्या पोरांनी घेतलं, फायनान्सला गणित लागतं, एचआरला इंग्रजी लागतं. खाली जे सांडलं होतं ते मी उचललं.

आमचे गाईड सर म्हणाले, "कंपनी तुम्ही शोधायची. मिळाली की मला सांगा." मुलगी पसंत पडली की कळव, बाकीचं आम्ही बघतो, असा तो वडीलधारा सूर होता.

मग मी कॉलेजचं पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून निघालो. प्रत्येक गेटवर एक रजिस्टर असतं. नाव, गाव, आत जाण्याची वेळ, कोणाला भेटायचं, काम काय. ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यात मी पहिल्या दिवशी ‘संबंधित अधिकारी’ असं लिहिलं. वॉचमननं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे संबंधित साहेब कोणत्या डिपार्टमेंटला बसतात?"

अकरा कंपन्यांत मिळून एकही संबंधित माणूस नव्हता. कोणी मीटिंगमध्ये, कोणी प्लांटमध्ये, कोणी पुण्याला. एक वॉचमन आमच्याच बाजूचा, सिंदखेडराजाकडचा निघाला. त्यानं केबिनमध्ये बसवून अर्धा कप चहा पाजला आणि विचारलं, "आत तुझ्या कोनी चुलत्याचा साडू वगैरे हाये का?"

"नाही."

"मंग प्रोजेक्ट कसा व्हईन बावा?"

सप्लाय चेनवर मी पुढे जी पुस्तकं वाचली, त्यातल्या कुठल्याही पुस्तकात हा मुद्दा इतका नेमका मांडलेला नाही.

बाराव्या कंपनीत मात्र एका मॅडमनी आत घेतलं. एसीत बसवलं. म्हणाल्या, "काय डेटा हवाय?" मी पाठ केलेलं सांगितलं, की गोदामात किती माल येतो, किती जातो, किती पडून राहतो.

"ते गोपनीय आहे."

"मग मॅडम, जे गोपनीय नाही ते द्या."

त्यांनी कंपनीचं गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक दिलं आणि एक कॅलेंडर. कॅलेंडर 2018 चं होतं. गोदामात काय पडून राहतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या नकळत देऊन गेल्या होत्या. पण ते कळायला मला बसमध्ये चिकलठाणा ओलांडावं लागलं.

परदेशात म्हणे उलटं असतं. अमेरिकेतल्या एमआयटीत वाहतूक आणि लॉजिस्टिक्स शिकवणारं केंद्र 1973 पासून आहे. तिथं कंपन्या स्वतःची दुखणी घेऊन विद्यार्थ्यांच्या दारात येतात. जर्मनीत तर कंपनीत बसून प्रबंध लिहिणाऱ्या पोराला बऱ्याच ठिकाणी महिन्याला पैसे मिळतात. तिकडं कशाला, आपल्या पवईची नीटी घ्या. 1963 साली निघालेली आणि 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालेली ही संस्था या विषयातली पंढरीच. तिथलं पोरगं गेटवर आलं की आडवा दांडा वर जात असावा. मी दिसलो की वर असलेला दांडा खाली येई.

शेवटी मेहकरची एसटी धरून मी बीबीला परत आलो.

बीबी कुठं आहे हे सांगायला हवं. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर, सुलतानपूर आणि दुसरबीडच्या मध्ये. तालुका लोणार. बाहेरच्या माणसाला लोणार म्हटलं की उल्केनं पडलेलं ते सरोवर आठवतं. आता सप्लाय चेनचा अभ्यासक म्हणून मी सांगतो, मधल्या कोणत्याही एजंटाशिवाय थेट वरून माल उतरल्याची आमच्या तालुक्यातली ती एकमेव घटना. त्यानंतर जे काही आलं ते डिस्ट्रिब्युटरमार्फत आणि उशिरा आलं.

बीबीत बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. मी दारात फोल्डर घेऊन उभा राहिलो तेव्हा ते खताच्या पोत्यांची थप्पी मोजत होते.

"भेटली का कंपनी?"

"नाही."

"मंग हे दुकान काय वाईट हाये? माल येते, माल जाते, अन् पैसे तेवढे येत नाईत. अजून काय शिकवतेत तुमच्या कॉलेजात?"

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "दुकान नाही चालणार. कंपनी पाहिजे." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पुन्हा फोन केला, "सर, ‘रुरल ॲग्री-इनपुट रिटेल नोड’ चालेल का?"

"हां! हे वेगळं आहे. वार्षिक उलाढाल किती?"

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "उधारी धरून का सोडून?"

असा मी आमच्याच दुकानात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालो. दुसऱ्याच दिवशी कळलं, की पुस्तकातल्या प्रत्येक संकल्पनेला बाबांकडे उत्तर तयार आहे, आणि ते मला प्रकल्पात लिहिता येण्यासारखं नाही.

मी त्यांना जस्ट इन टाइम समजावलं. टोयोटाच्या ताइची ओनो या माणसाला अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचलेली ही पद्धत, की माल साठवून ठेवायचाच नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच मागवायचा. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि आभाळाकडं बोट केलं. त्या वर्षी मॉन्सून केरळातच 8 जूनला पोचला होता आणि महाराष्ट्रात शिरायला त्याला 20 जून उजाडला. "ह्या मेन सप्लायरचा तुझ्याकडं फोन नंबर हाये का? असन तर मी उद्यापासून माल ठेवत नाई."

मग लिंकिंग. डिस्ट्रिब्युटर म्हणायचा, डीएपी खताच्या गाडीसोबत टॉनिकच्या दोन पेट्या घ्याव्याच लागतील. त्या बाटल्यांना गिऱ्हाईक नव्हतं. वरच्या फळीवर त्यांची अशी रांग लागली होती की लक्ष्मीपूजनाला पुसायच्या वस्तूंत त्यांची गणती होई. एकीकडं युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना. त्यातले पन्नास पैसे आजपर्यंत कोणी कोणाला परत दिल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि ती गोणी द्यायच्या आधी ओळख पटवायला शेतकऱ्याचा अंगठा एका छोट्या मशीनवर टेकवायचा. चाळीस वर्षं विळा धरलेला अंगठा तो! मशीनला त्यात रेषाच सापडायच्या नाहीत. आमच्या गल्लीतले एक आजोबा अंगठा धोतराला पुसून, साबणानं धुऊन, खोबरेल लावून सात वेळा टेकवून थकले आणि मशीनलाच म्हणाले, "बाई, इलेक्शनच्या टायमाले तर लगेच वळखते तुमची मानसं!" पुस्तकात याला लास्ट माइल डिलिव्हरी म्हणतात. आमच्याकडं माल बुलडाणा जिल्ह्यात वेळेवर पोचायचा; अडायचा तो काउंटरवरच्या शेवटच्या वीतभर अंतरात.

पण माझा जीव अडकला होता तो बुलव्हिप इफेक्टमध्ये. हा शब्द मला फार आवडायचा. आसूड मुठीपाशी जरासा हलवला तरी त्याचं टोक कुठल्या कुठं फटकारतं, तसं गिऱ्हाइकापाशी मागणी थोडी हलली की वरच्या साखळीत ऑर्डरींचा धिंगाणा होतो. एमआयटीतल्या जे फॉरेस्टरनी 1961 सालीच हे दाखवून दिलं होतं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आढळलं, की लहान मुलांच्या लंगोटांच्या ऑर्डरी वर गेल्यावर भलत्याच वरखाली होतात. आता बाळं काही सेल लागला म्हणून जास्त मुतत नाहीत! त्यांचं काम ठरलेल्या गतीनं चाललेलं असतं. घाबरतात ते मधले लोक. स्टॅनफर्डच्या हाउ ली आणि मंडळींनी 1997 मध्ये याची कारणं मांडली, आणि तेव्हापासून हे लंगोट जगातल्या प्रत्येक वर्गात वाळत घातलेले आहेत.

मला हा इफेक्ट बीबीत प्रत्यक्ष बघायचा होता. म्हणून मी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली केली. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जुन्या प्रकल्पांची सॉफ्ट कॉपी मिळायची. तिच्यावरूनच केली म्हणा ना. मूळ प्रकल्प शाम्पूचा होता. मी शाम्पू खोडून डीएपी लिहिलं, तरी एका ठिकाणी राहून गेलंच. त्यामुळं प्रश्न चौथा, ‘आपण हे उत्पादन वापरल्यावर केसांत काही फरक जाणवला का?’ असा शेतकऱ्यांपुढं गेला. एका काकांनी टोपी काढून टक्कल दाखवलं आणि ‘होय’वर खूण करायला सांगितली.

घात मात्र प्रश्न सातव्यानं केला. ‘डीएपीची टंचाई निर्माण झाल्यास आपण काय कराल?’

मी हा प्रश्न एका सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर बाराजणांना विचारला. अकराजणांनी उत्तर दिलं नाही, नुसतं एकमेकांकडं पाहिलं. बारावा म्हणाला, "काऊन रे? बापानं काही सांगतलं का?"

"नाही हो काका, अभ्यासासाठी आहे."

"हं. अभ्यासासाठी," असं म्हणून त्यांनी अर्धा चहा तसाच टाकला आणि गाडीला किक मारली.

दहा वाजता दुकानासमोर सहा गाड्या होत्या. अकराला ट्रॅक्टर आला. ज्याला चार गोण्या लागायच्या तो आठ मागत होता, आणि आठ मागणाऱ्याला पाहून पाचवाला बारा. दुपारपर्यंत गावात पक्की बातमी होती, की औंदा डीएपी येणार नाही. दुकानदाराचं शिकलेलं पोरगंच सांगून राह्यलं. बाबांनी घाबरून डिस्ट्रिब्युटरला दोनशेच्या जागी चारशे गोण्या सांगितल्या. सुलतानपूरच्या दुकानदारानं बीबीत काय चाललंय ते ऐकून सहाशे सांगितल्या. संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरचा बाबांना फोन आला, "भाऊ, तिकडं काय गडबड आहे? सगळीकडून डिमांड वाढली. आता एका गाडीला टॉनिकच्या चार पेट्या घ्याव्या लागतील."

मी वहीत नोंद केली, बुलव्हिप इफेक्ट, स्थळ बीबी, प्रत्यक्ष निरीक्षण. ज्या हातानं आसूड हलवला त्याच हातानं मी ती नोंद करत होतो. बाबांनी मागून येऊन वही वाचली. त्यानंतर दोन दिवस मला काउंटरच्या आत प्रवेश नव्हता. आमच्या दुकानाला गेट असतं तर त्यांनी माझ्यापुढं रजिस्टर ठेवलं असतं.

या प्रकारानंतर प्रश्नावली भरून द्यायला कोणी तयार होईना. जमा होते एकंदर बारा फॉर्म. सर फोनवर म्हणाले, "नमुना शंभरचा पाहिजे. शंभराशिवाय टक्केवारी शोभत नाही."

उरलेले अठ्ठ्याऐंशी फॉर्म मी आईला, बहिणीला आणि आत्याच्या पोराला हाताशी धरून वेगवेगळ्या पेनांनी भरावे, असं ठरलं. सहा झाल्यावर आई म्हणाली, "मले भाकरी टाकायच्या हायेत. अन् काय रे, हे सगळे शेतकरी समाधानी कसे? एकबी वळखीचा नाई यातला." आत्याचं पोरगं तर उत्साहानं शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी भारतीय क्रिकेट संघ लिहीत सुटलं होतं. तेही थांबवावं लागलं.

मी दुकानात डोकं धरून बसलो होतो. शेजारी बाबा खाली बसून सोयाबीनची उगवण तपासत होते. हे ते दरवर्षी करतात. ओल्या बारदान्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, पोतं गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि पाचसहा दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पास. त्याहून कमी भरले तर शेतकऱ्याला आधीच सांगायचं, की बाबा एकरी जास्त टाक. दुकानात बसल्या बसल्या जुलैमधलं भांडण मिटवायची ही सगळ्यात स्वस्त रीत. त्या दिवशी पोतं उलगडायची वेळ होती. जेएस 335 चे दाणे पांढऱ्या कोंबांच्या माना वर काढून बसलेले.

"किती?" मी सहज विचारलं.

"बहात्तर उगवले. अठरा आलेच नाईत, अन् दहा सडले. चालते."

मी ताडकन उठलो. शंभरचा नमुना होता. यदृच्छ होता, कारण बाबांनी पोत्यात हात घालून मूठ भरून घेतला होता. आणि काही झालं तरी तो आमच्याच रिटेल नोडमधला होता. त्या रात्री मी लिहिलं, की बीबी परिसरातील 72 टक्के ग्राहक समाधानी, 18 टक्के तटस्थ आणि 10 टक्के असमाधानी आहेत. त्याचा गोल तक्ता काढला. समाधानी भागाला कोंबासारखा पोपटी रंग दिला. मन मानेना म्हणून निदान तेवढं तरी खरं ठेवलं.

बाकीचा प्रकल्प भरायला वेळ लागला नाही. पहिल्या प्रकरणात त्या मॅडमच्या माहितीपत्रकातलं व्हिजन आणि मिशन, नाव बदलून. आमच्या दुकानाचं व्हिजन ‘जागतिक नेतृत्व’ असं पडलं. दुसऱ्या प्रकरणात मुंबईचे डबेवाले. महाराष्ट्रात सप्लाय चेनचा प्रकल्प डबेवाल्यांशिवाय बांधूनच देत नाहीत, असा काही नियम असावा. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी केलेली सुरुवात, 2010 सालची हार्वर्डची केस स्टडी, रंगखुणा, लोकल, सगळं बारा पानांत बसवलं. त्याचा डीएपीशी काय संबंध, हे सरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खुद्द मला शेतातल्या बाबांपर्यंत डबा पोचवायचं काम लहानपणी होतं, आणि वाटेत मी त्यातला गूळ खायचो. तेवढं मात्र वगळलं.

काळ्या रेक्झिनची बांधणी आणि सोनेरी अक्षरं यांचं काम झेरॉक्सवाल्याकडंच होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्याकडं पन्नास पोरांची रांग होती. सकाळी प्रती हातात पडल्या तेव्हा दिसलं, की इंग्रजी ‘चेन’मधला ‘ए’ घाईत गळून पडलाय. झालं होतं ‘सप्लाय चिन मॅनेजमेंट’. पुरवठ्याच्या हनुवटीचं व्यवस्थापन! मी म्हणालो, "अहो, हे चुकलंय." तो म्हणाला, "कोन वाचते?" आणि पुढच्या पोराची प्रत दाबात घातली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर खरंच वाचणारे निघाले नाहीत, पण चित्रं पाहणारे निघाले. पोपटी तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "नमुना कसा निवडला?"

"सर, रँडम. मूठभर... म्हणजे शंभर."

"एकदाच पाहणी केली?"

"नाही सर. सहा दिवस निरीक्षणाखाली ठेवले होते. रोज बघत होतो."

"व्वा!" सर आमच्या गाईडकडं वळले. "एमबीएच्या पातळीवर एवढा पाठपुरावा कोण करतं हो?" मला त्या वर्षी विषयात सर्वांत जास्त मार्क मिळाले, आणि प्रत ग्रंथालयात ठेवण्यात आली.

पुढं मी नोकरीबिकरी करून पाहिली आणि परत येऊन दुकानातच बसलो. दरम्यान समृद्धी महामार्ग आला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि 5 जून 2025 ला पार मुंबईच्या अंगणापर्यंत पोचला, 701 किलोमीटर. जुन्या रस्त्यावरच्या टपरीसमोर थांबणारे लांबचे ट्रक तिकडनं जाऊ लागले. टपरीवाला म्हणतो, आता चहा फक्त बातम्या करणाऱ्यांनाच लागतो.

2025 च्या खरिपातली गोष्ट. डीएपीची ओरड त्या वर्षी तशीही देशभर होती. भर दुपारी एक पोरगं मोटारसायकलवरून उतरलं. घामेजलेलं, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर.

"सर, मालक आहेत का?"

सर! माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मालक मीटिंगमध्ये आहेत." मालक मागं पोत्यांवर आडवे होऊन घोरत होते आणि ते बाहेर ऐकू येत होतं. मग मला माझीच लाज वाटली. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं फोल्डरमधून स्पायरल काढलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘सप्लाय चिन मॅनेजमेंट’.

मी थरथरत्या हातानं पानं उलटली. डबेवाले होते. व्हिजन होतं, जागतिक नेतृत्वासकट. आणि पूर्वीच्या संशोधनाच्या आढाव्यात एका खाली एक तीन ओळी होत्या. पहिल्या अभ्यासात बीबी परिसरातले 72 टक्के ग्राहक समाधानी. दुसऱ्यात, 2021 च्या, नमुना पाचशे आणि लोणार तालुक्यातले 72.4 टक्के, कोणीतरी दशांश चिन्ह लावून आकड्याला कॉलेजात घातलं होतं. तिसऱ्यात नमुना दोन हजार, आणि पश्चिम विदर्भातले 72.38 टक्के शेतकरी समाधानी. माझे शंभर दाणे बियाण्याच्या एकाही पिशवीला कधी आला नाही असा उतारा देऊन बसले होते.

"सर, हा आकडा बराच स्थिर दिसतोय," पोरगं कौतुकानं म्हणालं.

"हो," मी म्हणालो. "335 स्थिरच असतं."

त्याला ते कळलं नाही. मी प्रश्नावली मागितली. पहिल्या प्रश्नापासून उतरत सातव्याशी आलो आणि अंगाला घाम फुटला.

"हे कोणाकोणाला विचारलंस?"

"आत्ता येताना टपरीवर. चौघंच होते. फॉर्म नाही भरला त्यांनी, पण इंटरेस्ट भरपूर दाखवला. लगेच उठून गेले."

मी रस्त्याकडं पाहिलं. दोन गाड्या वळत होत्या. त्यांच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी अंगठ्याचं मशीन चार्जिंगला लावेपर्यंत पायरीवर सातजण उभे होते आणि आठवा गोण्या मोजत होता. गलका ऐकून बाबा डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी गर्दी पाहिली, पोराच्या हातातलं फोल्डर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत. गर्दीतून वाट काढत काउंटरखाली वाकले आणि ओल्या पोत्यावर तांब्यानं पाणी शिंपडू लागले.

पोरगं मात्र चिवट. त्या गर्दीतही माझ्या खांद्यावरून डोकावून विचारत होतं, "सर, निदान यावर्षीचा समाधानाचा आकडा तरी मिळेल का? उद्या गाईडला दाखवायचाय."

बाबांनी खालूनच उत्तर दिलं.

"उद्या नाई जमत. शनवारी ये. पोतं आजच भिजोलं."